ऐंशी मिनिटांत न मावणारी देवी

नाशिकला पेठ रोडवर, आरटीओच्या अलीकडे, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मीना भोये राहते. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचा कॉम्प्युटर आहे. एरवी त्याच्यावर टॉवेल अंथरलेला असतो आणि टॉवेलवर इस्त्रीला जायचे कपडे, त्यामुळे आलेला पाहुणा त्याला टेबल समजतो. मीनाचा नवरा रंगनाथ सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जातो. तोही त्याला टेबलच समजतो, आणि त्याच्याकडे पुरावा भरपूर आहे.

हा कॉम्प्युटर खरं तर भंगारात जायचा. मीना द्वारका चौकाजवळच्या एका स्कॅन सेंटरमध्ये काउंटरला असते. पेशंट यंत्रातून बाहेर आला की त्याच्या मेंदूचे, मणक्याचे, जे काय दुखत असेल त्याचे फोटो सीडीवर उतरवायचे, पाकिटात घालायचे आणि वर नाव टाकून द्यायचे, हे तिचं काम. या कामाला ‘सीडी मारणं’ म्हणतात. इतक्या वर्षांत तिने मारलेली सीडी कोणी चालवून पाहिल्याचं तिच्या ऐकिवात नाही. पेशंटकडे यंत्र नसे आणि डॉक्टर फिल्म बघत. तरी सीडी प्रत्येकाला हवी असे. लोक ती उजेडाकडे धरून आजार शोधत. दिंडोरीकडचे एक आजोबा चकचकीत बाजू डोळ्यांपुढे धरून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “मीच हे यात.” त्यांचं समाधान झालं.

पुढे सेंटर मोबाइलवर लिंक पाठवू लागलं. लिंकही कोणी उघडत नाही, पण ती एसटीत विसरत नाही, एवढी प्रगती झाली. सीडी मारायचा कॉम्प्युटर आणि कोऱ्या सीड्यांचा उरलेला डबा भंगारवाल्याला द्यायचं ठरलं, तेव्हा मीनाने दोन्ही मागून घेतलं आणि रिक्षात घालून घरी आणलं.

“लोक कामावरून येताना कोथिंबीर आणतात,” रंगनाथ म्हणाला.

“कोथिंबीर पण आणलीय. सीड्यांच्या डब्यात बघा.”

यापलीकडे खुलासा तिने केला नाही. तिला काय करायचं होतं ते तिचं ठरलेलं होतं, आणि मीनाचं ठरलेलं असलं की रंगनाथ पाळीवर जातो.

मीनाचं माहेर सुरगाण्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या एका पाड्यावर. वडील बारकू महाले. भात, नागली आणि कथा ही त्यांची तीन पिकं. पैकी कथेला दुष्काळ माहीत नव्हता. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाने एक बारीक काडी उभी करायची, ओल्या बोटांनी ती वरून खाली सुतायची, म्हणजे थाळी घुमते. त्या घुमण्यावर बारकू कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची कथा सांगत. शेजारी गोटीराम झील धरायला. झील धरणं म्हणजे दर ओळीला ‘हां’ म्हणणं, आणि ओळ लांबली तर तिचं शेपूट उचलणं. नागली झोडून झाली की पाड्यावर ही कथा होते. तोवर नवी नागली जात्यात पडत नाही.

कथेला एक नियम आहे. तो सगळ्या डोंगरात आहे की याच पाड्यावर, कोण जाणे, पण बारकूंच्या लेखी तो आहे आणि तेवढं पुरतं. कथा दिवेलागणीनंतर सुरू करायची, उजाडायच्या आत संपवायची आणि मध्ये मोडायची नाही. कारण कथेत देवीचा अपमान होतो, ती घर सोडून निघून जाते आणि पुढची सगळी रात्र तिला परत आणण्यात जाते. कथा अर्ध्यात तुटली तर ती जिथे पोचली असेल तिथेच राहते, आणि तिच्यासोबत धान्यही. एका वर्षी अवेळी पाऊस आला, मंडळी उठली, कथा मोडली आणि त्या वर्षी उंदरांनी कणग्या रिकाम्या केल्या असं सांगतात. उंदीर दर वर्षी येतात, पण त्या वर्षीचे लक्षात राहिले.

यंदा बारकूंनी जाहीर केलं की कथा होणार नाही. दम्याने छाती धरली होती. दोन ओळी झाल्या की तिसरीला थांबावं लागे.

“कथा तोंडात हे,” ते मीनाला म्हणाले, “छातीत नाय. अन् मोडकी सांगण्यापरीस न सांगितलेली बरी.”

पाड्यावर दुसऱ्या कोणाला ती अख्खी येत नव्हती. गोटीरामला येत होतं ते ‘हां’.

“अख्खी हे माझ्याकडं,” मीना म्हणाली. “दोन वर्षांमागं फोनात धरलेली. तुमचाच आवाज. तीच लावू. यंदा कथा होणार.”

बारकूंनी नाही म्हटलं नाही. शंका काढल्या. त्या रास्त होत्या. मीनाने फोनवर कथा लावून दाखवली होती, तेव्हा देवी रुसून वेशीपर्यंत आली आणि तेवढ्यात एका बाईने मध्येच बोलून रिचार्ज संपत आल्याची सूचना दिली. बारकू म्हणाले, “ही कोन? कथेत नाय ही.” त्यानंतर मीनाने पेन ड्राइव्हवर कथा घालून भावाकडे, दत्तूकडे दिली. दत्तू सुरगाणा ते नाशिक जीप चालवतो. आठ दिवसांत त्या पेन ड्राइव्हवर लग्नाची गाणी होती.

“जागा कमी पडत व्हती,” दत्तू म्हणाला. “अन् तिथं एकच लांबलचक फाइल. मला वाटलं खराब झालेली हे.”

“तुझ्यासारखी,” मीना म्हणाली. मूळ फाइल तिच्याकडे होती म्हणून एवढ्यावर भागलं.

बारकूंनी मग आपली अट सांगितली. “पुसता येत नाय, अन् मधी कोनी बोलत नाय, असं काय हे का तुमच्या नाशिकला?”

“सीडी हे. एकदा मारली का पुसत नाय.”

“मारण्याला इंग्रजीत ‘बर्न’, म्हणजे जाळणं म्हणतात,” दत्तूने माहिती पुरवली. “मीनाताई कथा जाळणार हे, बाबा.”

“राख कोनाकडं ठिवायची?” बारकूंनी विचारलं, पण न पुसण्याची गोष्ट त्यांना आवडलेली दिसली. पुसल्या न जाणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यात फार पाहिल्या नव्हत्या.

म्हणजे बारकूंच्या बाजूने मामला सुटला. अडचण यंत्राच्या बाजूने आली. पाड्यावर रात्रीची वीज असते त्यापेक्षा नसते जास्त. अख्खी रात्र खात्रीने चालेल असा एकच प्लेअर होता, बारकूंचा, जाडजूड सेलवर चालणारा. तो जुन्या वळणाचा. सगळी कथा एकाच सीडीवर फाइल म्हणून मारली तर त्याने ती दोनदा फिरवली आणि कसलंही मत दिलं नाही. त्याला गाण्याची सीडीच लागे, आणि गाण्याच्या सीडीत ऐंशी मिनिटांच्या वर काही मावत नाही. कथा सात तासांची.

मीनाने ऐंशी मिनिटांवर काप घेऊन पाहिला. ऐंशीव्या मिनिटाला देवी नदीच्या मधोमध होती, कमरेएवढ्या पाण्यात. वडील काय म्हणतील हे विचारायला जीपचं भाडं घालवायची गरज नव्हती.

मग तिने ठरवलं की कथा आखडायची. जितके काप कमी, तितका दोष कमी. हिशोब धार्मिक होता, पद्धत स्कॅन सेंटरची. तिथे पेशंट हलला की फोटो पुसट येतो, म्हणून हललेलं काढून टाकतात. कामावरून आल्यावर ती टॉवेल, कपडे उचलून कॉम्प्युटर सुरू करी आणि कानाला हेडफोन लावून वडिलांचे श्वास कापी. आधी खोकले गेले. मग कुत्री. मग बऱ्याच लांब लांब जागा जिथे कोणीच काही बोलत नव्हतं, थाळी तेवढी घुमत होती. त्याही गेल्या. तरी चार सीड्यांत बसेना, तेव्हा तिने गोटीरामकडे मोर्चा वळवला. दर ओळीला ‘हां’, दर ओळीला ‘हां’. अर्थाच्या दृष्टीने या माणसाचं योगदान शून्य होतं. तिने त्याला वेचून वेचून काढला. शेवटी उरल्यासुरल्यासाठी वेग किंचित वाढवला, कोणाला कळणार नाही इतका.

“तुझे वडील आता किती उरलेत?” रंगनाथने एकदा डबा भरता भरता विचारलं.

“चार सीड्या.”

“जावई म्हणून मला चालेल.”

सीड्याही काही आज्ञेत नव्हत्या. कॉम्प्युटरचा ट्रे स्वतःच्या मर्जीने उघडे. न उघडला तर मीना त्याच्या बारीक भोकात केसांची पिन खुपसे. डबा जुना, त्यामुळे वेगात मारलेली सीडी वाया जाई. हळू मारली तर होई, पण तेवढ्यात खालच्या मजल्यावर पाण्याची मोटर लागली की दिवे मिचमिचत आणि ती जाई. वाया गेलेल्या सीड्या दत्तू नेई. द्राक्षबागेत लोक पाखरांना भिववायला सीड्या टांगतात ते त्याने पिंपळगावला पाहिलं होतं. त्याने त्या नागलीच्या शेतात दोऱ्याने टांगल्या. त्या हंगामात धान्याची राखण धान्यदेवीच्या अर्धवट कथांनी केली, आणि दत्तूचं म्हणणं, बरी केली.

चार सीड्या नीट झाल्या तेव्हा मीना दत्तूच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून पाड्यावर गेली. दुपार होती. बारकू ओट्यावर पाठ टेकून बसले होते. तिने प्लेअर पुढे ठेवला, पहिली सीडी घातली. थाळी घुमली. बारकूंचा आवाज सुरू झाला.

बारकूंनी थोडं ऐकलं. मान तिरकी केली.

“ह्याला कुठं जायचं हे?” त्यांनी विचारलं.

“कोणाला?”

“ह्या बोलणाऱ्याला. एसटी सुटते का त्याची?”

वेग मीनाने कोणाला कळणार नाही इतकाच वाढवला होता. ज्याला कळला त्याचा तो आवाज होता, एवढंच.

बारकूंनी आणखी ऐकलं. आता ते दर ओळीच्या शेवटी प्लेअरच्या मागे बघू लागले, जसं कोणी पाहुण्याच्या मागून येणारं माणूस शोधतं.

“मीने, गोटीराम कुठं गेला?”

“काढला.”

“काहून?”

“तो नुसता ‘हां’ म्हणतो, बाबा. जागा खातो.”

बारकू हसले, मग त्यांना खोकला आला, मग बराच वेळ नुसता खोकलाच चालला. दत्तूने पाणी दिलं. तो ओसरल्यावर बारकू म्हणाले, “कोनी ‘हां’ म्हननारं नसतां जो बोलत सुटतो त्याला पाड्यावर काय म्हनतात?”

“येडा,” दत्तू म्हणाला.

“तुज्या भैनीनं मला रातभराचा येडा करून आनला हे. बंद कर.”

मीनाने बंद केलं. ती उठली नाही. “मोडते म्हणून कमी केलं,” ती म्हणाली. “ऐंशी मिनिटांच्या वर जात नाय ती. कुठंतरी काप येणारच. मी पाण्यात तरी सोडलं नाय देवीला. तुम्हीच सांगा कुठं कापू. नाय म्हणाल तर नाय ऐकणार मी, ते सोडून बोला.”

हे बोलणं मुलीचं नव्हतं, काउंटरवरचं होतं. मशीनमध्ये जायला नकार देणाऱ्या पेशंटशी ती असंच बोलते आणि पेशंट जातो.

बारकूंनी तंबाखूची पिशवी काढली. दम्याला ती वर्ज्य होती म्हणून त्यांनी नुसती हातात धरली. “मी रातभर बोलायचो,” ते म्हणाले, “तं तंबाखू कवा खायचो?”

मीनाने त्यांच्याकडे पाहिलं.

“दम घ्यायचो, पानी प्यायचो, बाहेर जाऊन यायचो. तवा कथा मोडायची का? थाळ गोटीरामच्या मांडीवर द्यायचो. तो घुमती ठेवायचा. ‘हां’ म्हनत राह्यचा. थाळ घुमती हे अन् कोनीतरी ‘हां’ म्हनतं हे, तवर देवी चालत ऱ्हाती. वाटंवर हे ती. बसत नाय.”

म्हणजे त्या लांब लांब रिकाम्या जागा. कोणी काही बोलत नव्हतं म्हणून तिने कापल्या होत्या त्या. बारकू तिथे तंबाखू मळत होते आणि गोटीराम देवीला चालवत होता.

“सांगितलं का नाय आधी?”

“तू विचारलं नाय. तू म्हनली, अख्खी हे माज्याकडं.”

मीना त्याच जीपने परत निघाली. वाटेत दत्तूने गाणी लावली. तिने बंद केली. त्याने पुन्हा लावली नाहीत, यावरून तिच्या चेहऱ्याची कल्पना यावी.

नाशिकला येऊन तिने सगळं पुन्हा मूळ फाइलपासून धरलं. काही कापायचं नाही. खोकले राहिले, कुत्री राहिली, वेग बारकूंचा राहिला. शोधायच्या होत्या त्या फक्त थाळ गोटीरामच्या मांडीवर गेल्याच्या जागा. एकदा कानाला सवय झाल्यावर त्या स्वच्छ ऐकू येत. बारकूंच्या हाताची थाळी गरगरीत घुमे, गोटीरामच्या हाताची जरा खरखरीत. बारकूंना तंबाखूची तलफ तासाभराने येई, आणि त्या व्यसनाची सीडीशी इतकी सोयरीक जुळेल असं कोणाला वाटलं नसतं. प्रत्येक सीडी गोटीरामवर संपत होती आणि पुढची गोटीरामवरच सुरू होत होती. सात सीड्या झाल्या. रोज पाण्याची मोटर लागायच्या आत एक, सगळ्यात हळू वेगाने. मारताना ती ट्रेवर हात ठेवून बसे, जसा तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात. त्याचा तांत्रिक उपयोग काही नाही, हे तिला माहीत होतं.

आता एकच भोक उरलं होतं. एक सीडी काढून दुसरी घालेपर्यंतचं. प्लेअरचं झाकण उघडायचं, सीडी काढायची, घालायची, झाकण लावायचं, मग तो थोडा विचार करतो आणि वाजतो. तेवढ्यात थाळ घुमवायला आणि ‘हां’ म्हणायला माणूस हवा. माणूस एकच होता आणि तो भात कापून झाल्यावर दर वर्षीसारखा बायकोला घेऊन पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामाला गेला होता.

दत्तूने त्याला फोन लावला. गोटीरामने सगळं नीट ऐकून घेतलं. दर वाक्याला ‘हां’ म्हटलं.

“येतो का मग?” दत्तूने विचारलं.

“मुकादम सोडत नाय. मी फोनवरून धरू का झील?”

बारकू शेजारीच होते. “पुन्हा फोन,” ते म्हणाले, आणि विषय संपला.

कथेच्या दिवशी मीना रजा टाकून पाड्यावर गेली. रंगनाथही आला. सासऱ्यांच्या सात सीड्या झाल्यात हे ऐकल्यापासून त्याला उत्सुकता होती. खळं सारवलेलं होतं. मधोमध नवी नागली, तिच्यापुढे दिवा, आणि दिव्याशेजारी प्लेअर. कोणीतरी त्याच्या झाकणाला हळद-कुंकू लावलं होतं. मीनाने ते झाकणावरच आहे, आत सीडीला नाही, एवढं बघून घेतलं. मंडळी घोंगड्या घेऊन बसली. बारकू मीनाच्या समोर बसले, थाळ मांडीवर. काडी मेणात उभी होती.

“‘पोरी, तू बटनं दाब, मी थाळ घुमवतो,’ असं म्हणाला ना तुम्ही?” मीनाने पुन्हा एकदा नक्की करून घ्यायला त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं.

“हां,” बारकू म्हणाले.

पहिली सीडी लागली. सुरुवातीला मंडळी प्लेअरकडे बघत होती, मग बारकूंकडे, मग त्यांना दोन्हींतला फरक कळेनासा झाला. देवीचा अपमान झाला. ती उठली, पदर खोचला, निघाली. वेशीवर रिचार्जवाली बाई आली नाही. एक म्हातारी डोळे पुसू लागली. दर वर्षी ती याच जागी पुसते. सीडीत गोटीरामचं ‘हां’ आलं की मागे बसलेले दोघेचौघेही ‘हां’ म्हणू लागले. मग सीडीतल्या बारकूंचा आवाज थांबला आणि थाळी खरखरीत झाली. तंबाखूची वेळ झाली होती.

मीना बटणाकडे सरकली. खळ्यातल्या बारकूंनी थाळीला बोट लावलं. एकदा सुतलं, दोनदा सुतलं, आणि ‘हां’ म्हणायला तोंड उघडलं तर आतून खोकला आला. बोटं थांबायच्या आधी त्यांनी थाळ उचलला आणि घुमता घुमताच मीनाच्या मांडीवर ठेवला.

“बाबा, सीडी...”

“मी घालतो. धर.”

“मला येत नाय.”

“गोटीरामला तू काढलं व्हतं ना? मंग बस त्याच्या जागी.”

प्लेअरमध्ये गोटीरामचं शेवटचं ‘हां’ झालं आणि सीडी गप्प झाली. थाळी अजून गुणगुणत होती, कमी होत होती. सगळं खळं मीनाकडे बघत होतं. तिने दिव्याशेजारच्या तांब्यात बोटं बुडवली आणि काडी वरून खाली सुतली. आवाज निघाला, पण तो थाळीचा कमी आणि ट्रे अडकल्याचा जास्त होता. तिने पुन्हा सुतली.

“हां,” ती म्हणाली.

बारकूंनी झाकण उघडलं. पहिली सीडी काढून धोतराला पुसली, उजेडाकडे धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली. मग पाकिटात घातली. पाकीट सरळ केलं. मीना डोळ्यांनी त्यांना घाई करत होती. तोंडाने करता येत नव्हती, कारण तोंडात ‘हां’ होतं. रंगनाथने हे दृश्य नीट पाहून घेतलं.

“दुसरी कंची?” बारकूंनी आरामात विचारलं.

“हां,” मीना म्हणाली आणि हनुवटीने दाखवली.

त्यांनी ती घातली, झाकण लावलं. प्लेअर विचार करू लागला. मीनाची थाळी आता जरा गोल घुमत होती. मागून एकाने तिच्या ‘हां’ला ‘हां’ दिलं, मग दुसऱ्याने. देवी चालत होती, इतकं तरी ठरलं.

बारकूंनी पाठ मागे टेकली, तंबाखूची पिशवी उगाच हातात घेतली आणि लेकीकडे बघून म्हणाले, “जरा लांबव. शेपूट उचल.”